तळव्याची साक्ष

"सेन्सर कालच बदललाय, मामा. नवा कोरा. तरी आज तोच कोड परत आला," केबिनमधून मान बाहेर काढून जावई म्हणाला.

"नवा म्हणजे शहाणा, असं कुठं असतं?" खाली उभ्या असलेल्या वस्तादांनी डोक्याला रुमाल बांधत म्हटले. "जावईही नवे असतात तेव्हा काय दिवे लावतात, ते आम्ही पाहिलंय."

जावई हसला, पण त्याची नजर पडद्यावरच राहिली. खाणीच्या तळाशी ते अवजड पोकलेन आपली लोखंडी सोंड जमिनीला टेकवून उभे होते. तिन्ही बाजूंना कापलेल्या दगडाचे उंच कडे होते आणि त्यांच्या मधल्या हवेत पानही हलले नसते. इंजिन मंद गतीने धडधडत होते. पडद्यावर तांबडा दिवा लागला होता आणि त्याखालच्या कोडचा अर्थ एवढाच होता, की इंजिन निववणारे पाणी मर्यादेपलीकडे तापले आहे.

मुकादम सावलीला उभा होता. त्याच्या हातातला फोन पुन्हा थरथरला. "वस्ताद, मालकांना काय सांगू?"

"सांगा, वस्ताद हात लावून बघतायत."

"तेवढ्यासाठीच तर बोलावलंय तुम्हाला. तुमचा हात लागला की आम्ही निर्धास्त."

वस्तादांनी क्रमाने सर्व तपासले. सेन्सरची वायर मीटर लावून पाहिली. ती अखंड होती. जोडणीत गंज नव्हता. पंख्याचा पट्टा ताणलेला होता. राखीव बाटलीतले पाणी खुणेपर्यंत होते, आणि रेडिएटरच्या पुढच्या तेलाच्या कूलरची जाळी बाहेरून धुऊन लख्ख केलेली होती. आता दोनच शक्यता उरल्या. एक तर पाणी खरोखर उकळत होते, नाही तर सेन्सर खोटे बोलत होता. हा निवाडा करण्यासाठी पेटीत तापमापक होते, परंतु ते बाहेर काढावे असे वस्तादांच्या मनातही आले नाही. आयुष्यभर त्यांनी अशा वादात एकच साक्ष प्रमाण मानली होती, आणि ती म्हणजे स्वतःच्या उजव्या तळव्याची.

तो तळवा होताच तसा आदरास पात्र. धावत्या यंत्राच्या अंगावर क्षणभर ठेवला, की आतली कुठली बेअरिंग कुरकुरते आहे, ते त्याला उमगे. वस्तादांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाने पहिला धडा हाच गिरवला होता, की आधी हात लाव, मग तोंड उघड.

अलीकडे मात्र काही गोष्टी घडू लागल्या होत्या. सदऱ्याच्या गुंड्या लावताना वस्तादांना खाली बघावे लागे. बारीक नट बोटांतून निसटून पडे, आणि तो पडला हे त्यांना आवाजावरून कळे. आजच सकाळी त्यांनी चुलीवरचे उकळते पातेले उघड्या हातांनी उतरवले होते. पत्नी फडके घेऊन पुढे आली होती, ती जागीच थबकली.

"अहो, चटका नाही बसला?"

"हा हात काय आजचा आहे? त्याला आता कसला चटका," वस्ताद अभिमानाने म्हणाले होते. ती हसली नव्हती. नंतर बराच वेळ ती त्यांच्या हातांकडेच बघत राहिली होती.

आता वस्ताद पायरीवरून वर चढले, इंजिनाच्या झाकणाआड वाकले आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या नळीच्या धातूच्या गळ्यावर त्यांनी उजवा तळवा टेकवला. चेहऱ्यावर झळ आली. इंजिनाच्या कुशीत उबारा असायचाच, असे त्यांनी मनाशी म्हटले. क्षणभर डोळे मिटून त्यांनी हाताला विचारले.

"कोमट आहे," ते म्हणाले. "सेन्सर थापा मारतोय. बंद करा इंजिन आणि या इकडे."

"पण इथं एकशे नऊ दाखवतोय."

"पडद्याला हात आहेत का, जावईबापू?"

इंजिन बंद झाले. त्या निःशब्दतेत यंत्राच्या पोटात कुठेतरी दबलेली गुरगुर तेवढी चालू राहिली. जावई वर येऊन रेडिएटरच्या टोपणापाशी उभा राहिला. तापलेल्या इंजिनाचे टोपण उघडू नये, उघडले तर उकळते पाणी थेट तोंडावर येते, हे कोणत्याही चालकाला पहिल्या दिवशी सांगितले जाते.

"काढा टोपण. आत पाणी किती आहे ते डोळ्यांनी बघू, आणि तो सेन्सर देऊ परत पाठवून."

"तुम्ही म्हणता म्हणून काढतो, मामा."

"मी कुठं म्हणतोय? हात म्हणतोय."

जावयाने टोपणावर जाड कापड टाकले, वाकून दोन्ही हातांनी ते दाबले आणि किंचित फिरवले. एक बारीक शीळ उमटली. तो थांबला, आणि आता काय करू, असे विचारण्यासाठी त्याने वस्तादांकडे पाहिले. मग त्याची दृष्टी खाली गेली.

"मामा," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "तुमचा हात अजून तिथंच आहे."

"मग?"

"जळतोय तो."

वस्तादांनी खाली पाहिले. तळव्याच्या कडेची कातडी पांढरी होऊन फुगली होती. तो हात आपला नसून कोणी तेथे विसरून गेलेली वस्तू आहे, अशा नजरेने ते क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो उचलला. उचलताना काही चिकटून मागे राहिले, तेही त्यांना पाहिल्यावरच कळले.

"टोपण परत दाबा," ते म्हणाले. त्यांचा स्वर स्थिर होता. "तोंड बाजूला घ्या. हळू. आता फिरवा. बसलं?"

"बसलं."

शीळ थांबली. जावयाच्या हनुवटीवरून घामाचा थेंब कापडावर पडला. मुकादम धावत आला होता. "काय झालं? हाताला काय झालं, वस्ताद?"

"माझ्याकडून वाफ सुटली," जावई घाईने म्हणाला. "त्यांच्या हातावर आली."

"यांच्याकडून काही झालेलं नाही," वस्ताद म्हणाले. "माझ्या हाताला कळलं नाही. सेन्सर बरोबर सांगतोय. रेडिएटर आणि पुढचा तेलाचा कूलर सुटे करा. बाहेरून धुता तुम्ही, पण दोघांच्या मधल्या फटीत धूळ घट्ट बसली असणार. पण इंजिन पुरतं निवल्याशिवाय हात घालू नका." ते जरा थांबले. "निवलं का, ते यांना बघू द्या. मला विचारू नका."

मुकादमाचा फोन पुन्हा थरथरला, तेव्हा तो उचलून मुकादम लांब गेला आणि पाठमोरा उभा राहून बोलू लागला.

जावयाने वस्तादांना पाण्याच्या टाकीपाशी नेले, तोटी उघडली आणि त्यांचे मनगट दोन्ही हातांनी धरून तळवा धारेखाली धरला.

"गार लागतंय का, मामा?"

वस्तादांनी धारेकडे पाहिले. मग जावयाच्या बोटांकडे पाहिले.

"तुम्हाला लागतंय?"

"हो. चांगलं गार आहे."

"मग गारच असणार," वस्ताद म्हणाले, आणि हात त्यांनी तसाच धारेखाली राहू दिला.