पाव फेरा मागे

डोळे मिटा बघू जरा. एक डोळा किलकिला ठेवायचा नाही. आता समोर पाणी आणा. पलीकडचा काठ दिसत नाही एवढं पाणी, घराच्या छपराएवढ्या लाटा. पण ओंजळीत घेऊन प्यायलात तर गोडं, कारण हा समुद्र नाही, तळं आहे. अमेरिकेतलं लेक सुपिरियर. त्यावर एक लांबलचक आगबोट, पोटात कच्चं लोखंड भरलेली. नोव्हेंबरचं वादळ सुटलंय आणि बोटीत पाणी शिरतंय. बोटीच्या अगदी तळाशी, जिथून आभाळाचा तुकडाही दिसत नाही, तिथे एक माणूस फावड्याने भट्टीत कोळसा टाकतोय. त्याच्या वाफेवर बोट चालते, आणि आत शिरलेलं पाणी उपसणारा पंपही त्याच वाफेवर चालतो.

तो माणूस पळून गेला असेल का? लगेच उत्तर देऊ नका. डोळे उघडा आणि आधी ऐका.

"काय लिहिलंय ते नीट वाच," गिरीशआजोबा म्हणाले. त्यांचं नाक त्याच तळ्याकाठच्या म्युझियमच्या काचेला टेकलं होतं आणि श्वासाने काचेवर धुकं धरलं होतं. आत मखमलीवर एक गंजलेला व्हॉल्व्ह ठेवला होता, वर लोखंडी चाक असलेला.

"आजोबा, डोन्ट टच द ग्लास," त्यांची नात अनिका कुजबुजली. ती दहा वर्षांची होती. मग तिने पाटी वाचून जमेल तसं मराठीत सांगितलं. 'मार्था क्विन' ही बोट १९०८ साली बुडाली. बाकीचे होडीतून वाचले, सात जण मेले. वाचलेले म्हणाले, पंप बंद पडला, म्हणजे आर्वो निएमी हा कोळसा टाकणारा फायरमन भट्टी सोडून पळाला असणार. तीस वर्षांपूर्वी पाणबुड्यांनी पंपाचा हा व्हॉल्व्ह वर काढला. तो पूर्ण उघडलेला नव्हता.

"किती कमी?"

"क्वार्टर टर्न. म्हणजे पाव. काम अर्धं सोडून पळाला, असं लिहिलंय. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये मीपण तेच लिहिलं. टीचरने स्टार दिला."

आजोबा काचेपासून बाजूला झाले. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. त्यांच्या डाव्या मनगटावर वाफेने भाजल्याचा डाग होता आणि स्वभाव साधारण वाफेसारखाच होता. कोंडला तर आवाज करणारा.

"साफ खोटं," ते म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडलेच. दोन माणसांनी वळून पाहिलं.

"बाबा!" त्यांची मुलगी रुचा धावत आली. ती इथल्या हॉस्पिटलच्या आयटीत काम करायची, आणि वडील दरसाल सहा महिने तिच्याकडे राहायला यायचे. "आज इथे बुडालेल्यांसाठी मेमोरियल सर्व्हिस आहे. प्लीज भांडू नका."

"मी कुठे भांडतोय? सातही जणांची नावं वाचतात ना?"

उत्तर अनिकाने दिलं. "सहा. त्याचं नाही वाचत. तो रॅन अवे झाला ना."

"ऑफिस कुठंय?" आजोबांनी विचारलं.

म्युझियमच्या प्रमुख लॉरा हॅन्सन दारातच भेटल्या. हातात नावांचा कागद होता. सभा दोनला होती आणि एक वाजून गेला होता. आजोबांनी स्वतःचं इंग्रजी वापरलं, अडलं तिथे मराठी घातलं, आणि अनिका मधे उभी राहून दोन्हीकडचं इकडून तिकडे करत होती.

"सांग त्यांना, वाफेचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि मग पाव फेरा मागे घ्यायचा. पूर्ण उघडा ठेवला तर गरम होऊन तिथेच आवळतो. मग पुढच्या पाळीचा माणूस आला की त्याला वाटतं, हा बंदच आहे. तो जोर लावतो आणि मोडून बसतो. पाव फेरा सैल असला की हात लावल्याबरोबर कळतं. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. नाही केलं तर वस्ताद टपली मारायचा."

अनिकाने टपलीसकट सांगितलं.

लॉराबाई मान हलवत ऐकत होत्या. त्या भल्या होत्या. पण फक्त सौजन्यापोटी ऐकणारं माणूस आजोबांना दुरून ओळखू यायचं. "फार छान माहिती आहे," त्या म्हणाल्या. "पण ही तुमच्या कारखान्याची पद्धत झाली. शंभर वर्षांपूर्वी इथल्या बोटीवर, फिनलंडहून आलेल्या एका नवख्या मुलाने तेच केलं असेल, हे कसं म्हणायचं? आणि आमची एक समिती आहे. तुम्ही लिहून द्या, वसंतात बैठक होईल."

"बघा, संपलं," रुचा म्हणाली. "बाबा, चला. मी ईमेल ड्राफ्ट करते."

आजोबा जागचे हलले नाहीत. त्यांनी खोली ऊबदार ठेवणाऱ्या, भिंतीजवळच्या जुन्या लोखंडी रेडिएटरवर हात ठेवला आणि लगेच काढला. बाहेर बर्फ पडत होतं. आत हा पठ्ठ्या तापलेला होता आणि बारीक सूं-सूं आवाज करत होता.

"हे वाफेवर चालतं," ते म्हणाले. "बॉयलर कुठंय?"

"तळघरात. पण—"

"चला."

कसं कोण जाणे, सगळे निघाले. जिना उतरताना रुचा पुटपुटली, "आई म्हणायची तेच खरं. यांना जेवायचं बोलावणं एक वेळ द्यावं, पण बॉयलर दाखवू नये."

तळघरात वॉल्ट नावाचा म्हातारा सँडविच खात बसला होता. इमारतीची डागडुजी तो एकटाच पाहायचा. आजोबांनी बॉयलरभोवती एक चक्कर मारली. पाणी दाखवणारी काच पाहिली, मान डोलावली. मग दोन पावलं मागे सरून हात पाठीशी बांधले.

"मी हात लावणार नाही. बाईंना सांग, वाफ वर नेणारा तो मोठा व्हॉल्व्ह आहे ना, तो आणखी उघडून बघा. वॉल्टसाहेबांची परवानगी असेल तर."

वॉल्टने खांदे उडवले आणि जाड हातमोजे पुढे केले. लॉराबाईंनी चाक धरून डावीकडे फिरवलं. ते सहज फिरलं, पाव फेरा, आणि टक् करून थांबलं. आजोबांनी दुसरा दाखवला. टक्. तिसरा. टक्.

"वॉल्ट, तू हे पूर्ण का नाही उघडलेस?" बाईंनी विचारलं.

"उघडलेत की. मग थोडं मागे घेतलं." त्याला हा प्रश्नच विचित्र वाटला. "माझे वडील कच्चं लोखंड वाहणाऱ्या बोटींवर होते, त्यांनी शिकवलं. त्यांना त्यांच्या वडिलांनी. आणि बाई, आता होते तसे परत करा. नाहीतर सकाळी मलाच घाम फुटेल."

लॉराबाईंनी तिन्ही चाकं एकेक करून मागे घेतली.

"पळणारा माणूस धावत जाईल," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "चाक सोडून देईल. तो थांबून पाव फेरा मागे घेत नाही बसणार. ते पुढच्या पाळीच्या माणसासाठी असतं."

अनिकाने सांगितलं.

"पण बोट बुडत होती," लॉराबाई म्हणाल्या. "पुढची पाळी येणारच नव्हती."

"त्याला ते ठाऊक असेल. त्याच्या हाताला नव्हतं."

हे भाषांतर करायला अनिकाला वेळ लागला. दोनदा चुकून तिने तिसऱ्यांदा नीट सांगितलं. लॉराबाईंनी हातमोजे काढले. घडी केलेला कागद उघडून बॉयलरशेजारच्या टेबलावर ठेवला, आणि सहा नावांच्या खाली पेनाने सातवं लिहिलं.

"पाटी मला एकटीला बदलता येणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यासाठी वसंतात तुम्हाला समितीसमोर यावं लागेल."

"येईन की. तिकीट पुढे ढकलू, रुचे."

"ढकलते, बाबा." रुचाने ओढणीने डोळे पुसले आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

सभा लहानशी होती, साठेक माणसं. लॉराबाई एक नाव वाचत, घंटेचा एक ठोका पडे, आणि त्या नावाचं जे कुणी आलेलं असेल ते उभं राही. पणतू, खापरपणती, एक काठी टेकत उठलेली आजी. कप्तानासाठी तर सबंध रांग उठली. घंटेचा आवाज विरला की ते खाली बसत. सहा नावं झाली. माणसं कोट चाचपायला लागली, कारण इतकी वर्षं सभा इथेच संपत आली होती.

"आर्वो निएमी," लॉराबाईंनी वाचलं. "फायरमन. वय एकोणीस."

ठोका पडला. कोट चाचपणारे हात थांबले. सगळी सभा मागे वळून बघू लागली, कोण उभं राहतंय म्हणून. कुणीच नव्हतं. फिनलंडमधलं त्याचं गावही कुणाला माहीत नव्हतं. आजोबांनी गुडघ्यावर हात ठेवला, पण त्यांचे गुडघे त्यांच्या रागाइतके चपळ नव्हते.

त्यांच्या शेजारची खुर्ची करकरली. अनिका उभी राहिली. तिने पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली, कुणाकडेही पाहिलं नाही, आणि आवाज पुरता विरून गेल्यावरही ती बराच वेळ खाली बसली नाही.