दांड्यातला जोड

मी घाबरट माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला शूर समजायला नको.

त्र्याहत्तरचा मे. घोडेगावला रस्त्याकडेला माझं पत्र्याचं गॅरेज. दुष्काळानं ट्रकही कमी झालेले. अशात सोनईचे आबासाहेब आपली जुनी हिलमन मोटार घेऊन आले. तिचे दोन्ही वायपर झिजून बाद झालेले आणि सुटे भाग कुठंच मिळत नव्हते.

"मच्छिंद्र, मुंबईत एक गाडी पाह्यली. मधोमध एकच वायपर, सगळी काच पुसतो. तसा कर."

"आबासाहेब, पाऊस कुठाय?"

"पावसाचं मी बघतो, तू वायपरचं बघ. अन् दांडा सलग पायजे. जोडाजोडी मला चालत न्हाई."

काचेखालच्या पत्र्याला मधोमध भोक पाडलं. भंगारातल्या ट्रकची वायपरची मोटर आत बसवली. अडलं दांड्यापाशी. ट्रकचा दांडा वीतभर आखूड पडला. तेवढा लांब नगरलाही मिळेना. शेवटी दोन दांडे कापले, पितळेचा डाग देऊन जोडले, कानस मारली आणि वर काळा रंग फासला. डागाच्या आचेनं पोलाद मऊ पडतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आबासाहेबांनी दांड्यावर अंगठा फिरवला.

"सलग हाय ना?"

"व्हय."

का म्हणालो? भ्यालो म्हणून. टँकर कुठल्या वस्तीवर जायचा ते हा माणूस ठरवायचा. त्याच्या विहिरीवर इंजिन धडधडत होतं, ऊस हिरवागार होता, आणि माझ्या दारासमोर बाया रिकामे हंडे घेऊन उन्हात बसलेल्या.

वायपर तपासायला मी पाण्याची बादली उचलली, तर त्या रांगेतून छबूबाई ओरडली, "आरं ए मिस्त्री! माझ्या नातवंडांना आठ दिस आंघोळ न्हाई, अन् तू मोटारीला न्हाऊ घालतो व्हय? तिला उटनं बी लाव की!"

सगळी रांग हसली. मी बादली खाली ठेवली. एक तांब्या काचेवर शिंपडला. दांडा दहादा इकडून तिकडं गेला. झाली तपासणी.

माझ्या उस्तादाचा एक नियम होता. नवं काम केलं की पहिल्या फेरीला मिस्त्री गाडीत. म्हणून आबासाहेब लग्नाला नगरला निघाले तेव्हा मी शेजारी बसलो. मागं त्यांच्या पत्नी रंगुबाई. जाताना रखरखीत ऊन होतं. येताना जेऊर सुटलं आणि इमामपूर घाटाच्या तोंडाशी आभाळ फाटलं. वळीव, गारांसकट.

आबासाहेबांनी बटण ओढलं. दांडा फिरू लागला. काच लख्ख.

"बघितलं का!" ते मागं वळून ओरडले. "मुंबईवाल्याच्या तोंडात मारलं!"

मी रस्ता बघतच नव्हतो. मी डाग बघत होतो. वारा पातं काचेवरून उचलायचा आणि परत आपटायचा. दर आपटीला दांडा जोडापाशी जरासा वाकायचा. मग रंगाला तडा गेला. तड्यातून पितळ दिसलं, पिवळंधमक. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला दरी.

"आबासाहेब, हळू घ्या."

"का रं? फाटली का?"

"थांबवा गाडी. दांडा सलग न्हाई. जोड हाय."

"काय?" त्यांनी मान माझ्याकडं वळवली, आणि तेवढ्यात कट्ट झालं. दांडा तुटून गेला. समोर नुसतं पांढरं. रंगुबाई किंचाळल्या. मी झडप घालून स्टिअरिंग खडकाकडं ओढलं. पत्रा खरवडत गाडी थांबली.

आधी आबासाहेबांची थोबाडीत बसली. बसणारच होती.

पण तिथं थांबणं म्हणजे मरण. मागून उतरणारा ट्रक आम्हाला चेचून गेला असता.

"बाई, तंबाखू हाय का?"

रंगुबाईंनी कमरेची चंची दिली. ओली तंबाखू काचेवर चोळली की पाणी थेंब न धरता पसरतं. ट्रकवाल्यांची जुनी युक्ती. मी काच चोळली आणि बॉनेटवर हात ठेवून, वाट दाखवत गाडीपुढं चालत घाट उतरलो. डोक्यात गारा. दर पावलाला वाटे, आता मागून ट्रक आला.

घाटाखाली पांढरीपुलाला आबासाहेबांनी विचारलं, "तुटंल हे म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मग बसलास कशाला? मरायला?"

"पहिल्या फेरीला मिस्त्री गाडीत."

"खोटं बोलला," रंगुबाई म्हणाल्या, "पर बसला तरी."

"नवा दांडा कर," आबासाहेब म्हणाले. "पोलादाची सलग पट्टी पुण्याहून आणतो."

"तपासायला पानी लागंल. आन् बाया हंडे घिऊन बसल्यात तवर मी काचंवर थेंब टाकनार न्हाई. तुमच्या इंजिनाचं पानी आधी वस्तीला सोडा."

बोलताना माझी मांडी थडथड उडत होती. ती दिसू नये म्हणून मी हातानं दाबून धरली होती. आबासाहेबांना ती दिसली.

चौथ्या दिवशी त्यांच्या विहिरीचं पाणी वस्तीच्या हौदात पडलं. नवा दांडा बसवला त्या सकाळी छबूबाई स्वतः भरली बादली घेऊन आली.

"घे, न्हाऊ घाल तुझ्या मोटारीला."

मी ओतली. काच लख्ख झाली. दांडा एकाच पट्टीचा होता, मीच कापलेला. तरी मी त्याच्यावर अंगठा फिरवत कितीतरी वेळ जोड शोधत राहिलो.