पंपाचा आवाज

स्तामेननं फादर गेरासिमच्या गाडीची मागची सीट उचलून पेट्रोलच्या टाकीवर कान टेकला आणि डोळे मिटले. इंजिन बंद ठेवून नुसता टाकीतला पंप चालेल, अशी जोडणी त्याच्या लेकीनं, झोरकानं, करून ठेवली होती. फादरनी चावी फिरवली.

"पंप ठणठणीत आहे," स्तामेन उठत म्हणाला.

"मंगळवारीही तू हेच म्हणालास, आणि मी घाटात अडकलो. उद्या लाजरचा शनिवार, सणाची प्रार्थना. मी पोचलो नाही तर वरच्या गावातल्या म्हाताऱ्या देवळाबाहेर कुडकुडतील आणि शिव्या मला नाही, तुला घालतील."

स्तामेन ओशाळला. गाडीचं दुखणं तो नुसतं ऐकून सांगायचा, हे गावभर ठाऊक होतं. पण हिवाळ्यापासून कानांत कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. लेकीला कळलं तर गॅरेजात आपलं काम काय उरेल, या धास्तीनं तो गप्प होता.

झोरका ऑसिलोस्कोप घेऊन आली.

"आला हिचा टीव्ही!"

"टोमणे नंतर, बाबा. हा चिमटा पंपाच्या तारेवर बसवा. तारेतला करंट पडद्यावर दिसेल."

त्यानं चिमट्यात दोन्ही तारा एकदम धरल्या. पडद्यावर सपाट रेघ.

"बघा फादर, मेला टीव्ही!"

"दोन्ही कशाला धरल्यात? जाणारा करंट नि येणारा करंट एकमेकांना पुसून टाकतात. एकच धरा."

त्यानं एक तार सोडली. रेघेवर टेकड्या उमटल्या. ओळीनं सारख्या, आणि मधूनच एक बसकी. झोरकानं बटण दाबून चित्र तिथंच थांबवलं आणि फादरना खूण केली. त्यांनी चावी काढून घेतली, पंप थांबला.

स्तामेनचं लक्ष पडद्यावरून हललं नव्हतं. त्याचं बोट टाकीवर आपोआप ठेका धरू लागलं.

"ही बसकी! इथं अडखळतोय लेकाचा." त्यानं पुन्हा कान टेकला. बोट चालूच होतं. चेहरा उजळत गेला. "येतंय की ऐकू! टक, टक, टक, ठप. मंगळवारी कसं निसटलं हे?"

फादरनी हातातली चावी वर केली, तोंड उघडलं. झोरकानं मान मागे टाकून हलकेच 'च्यक' केलं. नाही.

फादरनी चावी झग्याच्या खिशात सोडली.

"मंगळवारी मीच बडबडत होतो," ते जरा मोठ्यानं म्हणाले. "तुला ऐकू कुठून येणार?"

"तेच म्हणतो मी!"

झोरका गाडीला वळसा घालून त्याच्या समोर आली. उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी उकिडवी बसली आणि एकेक शब्द ओठांवर नीट मांडत म्हणाली,

"पंप बदलायचा ना, बाबा?"

"बदलायचाच." स्तामेन तिच्याकडे बघत राहिला. "आज किती गोड बोलतेस गं."