खिडकीतल्या कुंडीचे अश्रू

माझ्या ताईच्या स्वयंपाकघरात चार माणसं उभी राहिली की पाचव्याला जिन्यात थांबावं लागतं. त्या रविवारी रांग खालच्या दारापर्यंत गेली होती. ओट्यावरच्या खिडकीत माझ्या भाचीची कुंडी होती. त्यात जाड, रसरशीत पानांचं हातभर उंचीचं झाड. भाची जाऊन आठ महिने झाले होते, आणि तिचं झाड दोन महिन्यांपासून रडत होतं.

पानांवर चकचकीत थेंब, खाली कठड्यावर थेंब. शेजारच्या शिक्षिकाबाई एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावायच्या आणि मागच्यांना सांगायच्या, "गोड आहे हो, खरंच गोड आहे." पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस साठला होता. तो म्हणे पोरीच्या पांढऱ्या स्वेटरची लोकर.

हे सांगणारे निरोपवाले काका. गेलेल्यांचे निरोप आणणं हा त्यांचा उद्योग. बोलायचे इतकं हळू की ऐकणाऱ्याला पुढे वाकावंच लागे. "ती म्हणतेय, आई, मी बरी आहे. इथे फार प्रकाश आहे." गेलेली माणसं यांना नेहमी प्रकाशाचंच सांगतात. कपाटाची किल्ली कुठे ठेवली, ते मात्र एकानेही कधी सांगितलं नाही. काकांचा हुकूम एकच होता, "थेंब पुसायचे नाहीत. पुसलेत तर ती रुसेल." शिवाय दर खेपेला ते पोरीची एक वस्तू 'पलीकडे पोचवायला' नेत. खरा स्वेटर गेला, मग हेडफोन गेले.

मी घड्याळं दुरुस्त करतो. बंद घड्याळ चालू झालं की गिऱ्हाईक चमत्कार पाहिल्यासारखं बघतं, पण आत केस अडकला होता हे मला ठाऊक असतं. तरी दोन महिने मी गप्प बसलो. ताई त्या झाडाशी बोलायची आणि मग दोन घास जेवायची. तो आधार काढून घ्यायचा मला धीर होईना. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

त्या रविवारी मात्र माझ्यासमोर एक पिवळं पान गळून ओट्यावर पडलं. कुंडीत तशी आणखी दहाबारा पडली होती. कठड्यावरून मुंग्यांची रांग चालली होती, माणसांच्या रांगेपेक्षा शिस्तीत. आमच्या दुःखाला मुंग्या कशाला येतील? मी खिशातलं कामाचं भिंग डोळ्याला लावलं आणि वाकलो. कापसाखालून बारीक पाय बाहेर आले. लोकर चालत होती.

तेवढ्यात मागे काकांनी आपली पत्र्याची डबी उघडली. रांगेतल्या बेकरीवाल्याची बायको महिन्यापूर्वी गेली होती. तिच्या कुंडीत खोचायला ते त्याला 'आशीर्वादाचं पान' देत होते. असंच एक पान त्यांनी पहिल्या भेटीत, झाड रडू लागण्याआधी, या कुंडीत खोचलं होतं.

"थांबा," मी म्हणालो. "ते पान जरा बघू द्या."

"अविश्वासाच्या नजरेला काय दिसणार?" काका हळूच म्हणाले.

"मग बाईंना बघू द्या. त्यांचा विश्वास आहे."

शिक्षिकाबाईंनी पान घेतलं, भिंग लावलं आणि पान उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाल्या, "यात किडे आहेत."

"पिठ्या ढेकूण म्हणतात याला," मी म्हणालो. "पानात सोंड खुपसून रस पितो आणि जास्तीचा गोड रस मागून टाकतो. तोच हा थेंब." बाईंनी नकळत तोंड पुसलं. मी भिंग काकांपुढे धरलं. "तुम्हीही बघा." त्यांनी ते घेतलं नाही. त्यांना दुसऱ्या घरी निरोप पोचवायचा होता म्हणे. बेकरीवाला पानासाठी आणलेल्या रिकाम्या कागदी पिशवीच्या घड्या घालत उभा राहिला.

सगळे गेल्यावर ताईने विचारलं, "म्हणजे ती नव्हती?"

"नाही, ताई."

ती खाली बसली. "ती रोज सकाळी एकेक पान पुसायची रे. ओल्या फडक्याने. आणि मी दोन महिने कोणाला हात लावू दिला नाही."

मी दुकानातून स्पिरिट आणलं, घड्याळाचे भाग धुवायचं. काडीला कापूस गुंडाळून त्यात बुडवला आणि किडे कसे टिपायचे ते दाखवलं. ताईने माझ्या हातातून काडी घेतली. सुकलेल्या फांद्या कापल्यावर अर्धंच झाड उरलं.

"दर आठवड्याला करावं लागेल. अंडी राहतात."

"जगेल?"

"सांगता येत नाही."

"डॉक्टरही असंच म्हणाले होते," ती म्हणाली, आणि पुढचं पान हातात घेतलं. मग ती रडली. दोन महिन्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

तुमच्याही दाराशी कोणी असे निरोप घेऊन आलं, तर आधी जवळ जा आणि बघा. विचारा, पुसून पाहा. गेलेलं माणूस परत येत नाही, हे ऐकणं फार जड असतं. पण त्याने मागे ठेवलेलं जे अजून जिवंत आहे, ते तरी किड्यांना खाऊ देऊ नका.