गाढवाची मागची बाजू

१९५६ साली स्टर्जन मिल्स गावची नदी नोव्हेंबरातच गोठली होती. त्या वर्षी नाताळाच्या दिव्यांच्या मिरवणुकीत सव्वीस ट्रक होते. इतके ना आधी कधी निघाले, ना नंतर. तेव्हाचे दिवे अक्रोडाएवढे असत, लाल, हिरवे, निळे, आणि हात लागला तर चटका बसे. मिरवणूक आली की मेन स्ट्रीटवरची दुकानं आपापले दिवे मालवत, आणि त्या काळोखातून कागद गिरणीचे ट्रक झगमगत येत.

सगळ्यात शेवटी चर्चचा ट्रक. त्यावर गव्हाण, पेंढ्याखाली एक दिवा, आणि त्या उजेडात येशूबाळ. बाळ खरं असायचं. गावात सगळ्यात शेवटी जन्मलेलं मूल गव्हाणीत ठेवायचं आणि त्याच्या आईनं मरीया होऊन शेजारी बसायचं, अशी पद्धत होती.

त्या वर्षी शेवटचं मूल व्हर्ना टल्कचं होतं. व्हर्ना सतरा वर्षांची, बिनलग्नाची. बाप कोण, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. मूल औषधांच्या दुकानवाल्या पेटिग्रूंना देऊन टाक म्हणून तिची आई इडिथ महिनाभर तिच्यामागे लागली होती. पेटिग्रूंना बारा वर्षं मूल नव्हतं. व्हर्ना नाहीच म्हणत होती. तिची सगळी भिस्त मिरवणुकीवर होती. एकदा गावानं मला त्याच्याजवळ बसलेलं पाहिलं, की मग त्याला माझ्यापासून घ्यायची कोणाची छाती होणार नाही, असं तिला वाटे. मरीयेची निळी ओढणी तिनं स्वतः शिवली होती.

मिरवणुकीच्या दिवशी दुपारी चार वाजता, चर्चच्या तळघरात, ती ओढणी म्यूरिएल पेटिग्रूच्या डोक्यावर होती.

"ती माझी आहे," व्हर्ना म्हणाली.

"अगं, तुला कुमारी मरीया म्हणून कशी बसवणार?" इडिथ म्हणाली. "सगळा रस्ता हसेल."

जमलेल्या बायका तिथंच हसल्या.

"मग मी बाळ देणार नाही."

"नको देऊस. दुसरं ठेवतील, तुझं घरी राहील. नाहीतर ट्रकच्या मागोमाग चाल. हातभर अंतरावर असशील. गाढवात जागा आहे."

गाढवाच्या पोशाखात दोन माणसं लागत. पुढे व्हर्नाची थोरली बहीण आयलीन होती.

"आत दिसतं का काही?" व्हर्नानं विचारलं.

"पुढच्याला दिसतं. तुला माझं ढुंगण दिसेल. ऊब मात्र चांगली."

गाव निदान बाळ तरी बघेल आणि मीही जवळ राहीन, म्हणून व्हर्ना तयार झाली. तिनं बाळाला पाजलं, पिवळी लोकरी टोपी घातली आणि वाकून आत शिरली. इडिथनं पाठीवरची अकरा बटणं लावली. ती बाहेरूनच लागत.

आत डांबरगोळ्यांचा वास होता. आयलीनचे बूट तेवढे दिसत. बँड वाजत होता, लोक ओरडत होते.

"बाळ बघा! म्यूरिएलला कसं शोभतंय!"

"गाढव मागून लंगडतंय रे, हाण!"

गाढवाच्या मागच्या बाजूला बर्फाचे गोळे मारायची पोरांची जुनी रीत होती. व्हर्नाच्या पाठीत ते बसत राहिले. तेवढ्यात पुढे बाळ रडलं. तिला पान्हा फुटला, झगा छातीपाशी ओला झाला.

"आयलीन, भरभर चाल ना. तो रडतोय."

"चालतेय गं."

थोड्या वेळानं रडणं डावीकडून येऊ लागलं, मग बारीक झालं.

"ट्रक कुठे गेला?"

"पुढेच आहे."

"मग आवाज डावीकडून कसा?"

आयलीनचे बूट एकदा अडखळले. "वारा आहे," ती म्हणाली.

मिरवणूक संपली तिथे, स्केटिंगच्या आवारात, लोक कोको पीत उभे होते. बटणं काढायला इडिथ बऱ्याच वेळानं आली. बाजूच्या गल्लीत चर्चचा ट्रक उभा होता. व्हर्ना धावत जाऊन वर चढली. पेंढ्याखालचा दिवा चालू होता. गव्हाणीत नुसती पिवळी टोपी होती.

"पेटिग्रूंची गाडी गेलीसुद्धा," खालून इडिथ म्हणाली. "दत्तकाच्या कागदावर सही मी केलीय. तू अजून सज्ञान नाहीस. आणि आता गळा काढू नकोस, माणसं बघतायत."

आयलीन पुढल्या वर्षी लग्न करून विनिपेगला गेली. दर नाताळाला ती भेटकार्ड पाठवी. व्हर्ना ते न उघडता चुलीत टाकी. इडिथ अर्धांगानं सहा वर्षं अंथरुणावर होती. व्हर्नानंच तिचं सगळं केलं. रोज सकाळी तिच्या झग्याची बटणं लावली, पण एक शब्द बोलली नाही. म्यूरिएल मरेपर्यंत मेन स्ट्रीटच्या पलीकडच्या बाजूनंच चालत असे, कारण अलीकडे बेकरी होती आणि बेकरीत व्हर्ना कामाला होती.

मुलाचं नाव अ‍ॅलिस्टर ठेवलं. त्याला कोणी काही सांगितलं नाही. तो वडिलांचं दुकान चालवू लागला, पुढे मिरवणूक समितीचा अध्यक्ष झाला. दर वर्षी शेवटचा ट्रक आला की तो लाउडस्पीकरवरून सांगे, "छप्पन्न साली त्या गव्हाणीत मी होतो, आणि मरीया माझी सख्खी आई होती!" तरुण माणसं टाळ्या वाजवत. म्हातारी आपापल्या कोकोत बघत.

बेकरीचे दिवे त्या वेळी पद्धतीप्रमाणे मालवलेले असत. व्हर्ना आत उभी राहून ऐके. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाव न्यायला आला की पिशवी पुढे करत ती म्हणे, "काल छान बोललात, मिस्टर पेटिग्रू."