करडीच्या चौकातला एकटा सारस

मी करडीच्या चौकातला सिमेंटचा सारस बोलतोय. बगळा नव्हे हो, सारस! मानेचा बाक तरी बघा.

चौऱ्याहत्तर साली, वैनगंगेकडे जाणाऱ्या वाटेवर आपल्या नदीची काही खूण असावी, म्हणून सरपंच भैय्याजींनी मला करवून घेतलं. गणपती घडवणारा गोमाजी सकाळी नदीकाठच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, खरे सारस बघून यायचा आणि मग माझी मान वळवायचा. पाय मात्र मुसळासारखे जाड केले. काय करणार, सिमेंटचं अंग काड्यांवर तोलत नाही.

खरं तर जोडी करायची होती. पण सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. ते माझ्यातच संपलं.

इथेच घोडं अडलं. आमच्याकडे नव्या नवरा-नवरीला सारसाची जोडी दाखवत. एकटा सारस म्हणजे अपशकुन! वराती मला टाळून काट्याकुट्यातून जाऊ लागल्या. कुणाचं तान्हं आजारी पडलं तरी बोट माझ्याकडेच.

एका वैशाखात आंधळगावची वरात मला पाहून चौकातून मागे फिरली. मग भैय्याजी घन घेऊनच आले.

"फोडतोच याले! गावातले लगनं अडून राहिले याच्यापायी."

मी खरंच घाबरलो. पळायला पाय होते, पण चौथऱ्यात रुतलेले.

तेवढ्यात सत्यभामाबाई सरपणाची मोळी घेऊन आली. नवरा गेल्यापासून तिला लग्नाघरी कुणी बोलावत नसे. मोळी टाकून ती माझ्यापुढे उभी राहिली.

"भैय्याजी, याले काहून फोडता?"

"एकटा आहे ना बाई तो."

"मी बी एकटीच आहो. मंग मले कायले ठेवलं गावात? आधी माह्या डोक्शावर घाला घन!"

भैय्याजींनी घन खाली ठेवला, मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली आणि मान खाली घालून घरी गेले. हुश्श! त्या रात्री मी वाचल्याच्या आनंदात होतो.

पुढच्या वर्षी गावातल्याच निर्मलाबाईच्या मुलीची पाठवणी माझ्यापुढूनच निघाली. सत्यभामाबाई चौथऱ्यावर बसली होती. वरात पाहताच ती सवयीनं उठून बाजूला होऊ लागली. निर्मलाबाईनं तिचा हात धरला.

"कुठी चालली? पोरीले आशीर्वाद तं दे."

मुलगी वाकली. सत्यभामाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघी रडल्या.

आता पंच्याऐंशी साल आहे. चोच तुटलीय, रंग उडालाय, जोडीदार अजून नाही. पण माझं बरं चाललंय. मागणं एवढंच: रंग नाही दिलात तरी चालेल, एकटं कुणी दिसलं म्हणून वाट मात्र बदलू नका.