ताईसाठी केलेली प्रार्थना

चष्मेवाल्याला प्रार्थना फार सुंदर करता यायची, आणि त्याच्या जिवाला घोर लागला तो त्यापायीच.

दिवसभर दुकानात त्याचं काम म्हणजे विचारणं. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चाचणीची फ्रेम चढवायची, एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं आणि विचारायचं, हे बरं की मघाचं? धंदाच तसा. पण धंदा माणसाने दुकानात ठेवावा की नाही? हा गडी घरीही तेच करायचा. हा शर्ट बरा की तो, मी पाहुण्यांशी बोललो ते ठीक होतं ना, शेजारी आज हसला नाही, माझं काही चुकलं का. बायको बिचारी एका कानाने ऐकायची आणि दुसऱ्याने सोडून द्यायची. फारच झालं की म्हणायची, अहो, मी काय दुकानातल्या तुमच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर बसलेय का?

रविवारी मात्र त्याची चंगळ असायची. चर्चमध्ये पाळकांनी खूण केली की हा उठायचा, घसा खाकरायचा आणि मग जे काही सुरू व्हायचं, वा! शब्दाला शब्द असा लागायचा की म्हाताऱ्या बायका रुमाल शोधायला लागायच्या. उपासना संपली की दारात लोक त्याचा हात हातात घेऊन म्हणायचे, काय प्रार्थना केलीत हो. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आणि एखाद्या रविवारी कुणी काहीच बोललं नाही, की स्वारीला जेवण गोड लागायचं नाही. आता उगाच खोटं कशाला बोला, त्याची श्रद्धा नाटकी नव्हती. येशूचं नाव घेताना त्याचा गळा खरंच दाटून यायचा. फक्त तेवढ्यात एक डोळा किलकिला करून तो बघून घ्यायचा, बाकीच्यांचाही दाटलाय की नाही.

अशात त्याच्या ताईच्या हृदयाची झडप बिघडली. ताई त्याच्याहून पुष्कळ मोठी. आई गेली तेव्हा हा पाळण्यात होता, वडील कामापायी सतत बाहेरगावी, तेव्हा ताईनेच याला अंगाखांद्यावर वाढवला. त्या नादात तिचं लग्नाचं वय कधी निघून गेलं ते तिलाही कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, मांडीच्या शिरेतून नळी घालून नवी झडप बसवायचं ऑपरेशन करावं लागेल, आणि या वयात हमी कुणी देत नसतं. दुकानात त्या दिवशी चष्मेवाल्याने एका माणसाला डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे बसवून दिलं.

ऑपरेशनच्या आधी एका दुपारी मंडळी ताईला भेटायला आली. पाळक आले, चर्चमधले गाण्याचे मास्तर आले, त्यांच्यामागून आणखी बरेच जण. वॉर्डात स्टुलं कमी पडली, शेजारच्या खाटेवरची बाई पडदा बाजूला सारून बघायला लागली. पाळकांनी चष्मेवाल्याकडे पाहून मान हलवली आणि हा उभा राहिला. सुरुवात झकास झाली. मग रंगात येऊन तो म्हणाला, हे दयाळू पित्या, हिच्या लेकरांच्या डोक्यावरचं मायेचं छत्र हिरावून घेऊ नकोस. सगळ्यांनी भरल्या गळ्याने आमेन म्हटलं. पडद्याआडच्या बाईनेसुद्धा म्हटलं. जाताना मास्तर म्हणाले, काळीज हललं हो आज.

सगळे गेल्यावर हा ताईच्या उशाशी बसला. चेहऱ्यावर समाधान होतं. ताई छताकडे बघत पडली होती.

"बाळ्या," ती म्हणाली, "माझी लेकरं कुठली रे?"

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कान लाल झाले. ते वाक्य त्याने मागे एकदा दूध घालणाऱ्या बाईच्या खाटेपाशी म्हटलं होतं. तिला पोरंबाळं होती, ती समोर रडत उभी होती, आणि वाक्य असं काही लागू पडलं होतं की तेव्हापासून याने ते जपून ठेवलेलं. आज तोंडात आलं, सोडून दिलं. एवढी माणसं उभी होती, एकाच्याही लक्षात आलं नाही.

"एकच वाढवलं मी," ताई म्हणाली. "आणि ते इथे उभं राहून, कोण कोण रडतंय ते बघत होतं."

तो काहीतरी सारवासारव करायला गेला. तिने हात वर करून त्याला गप्प केलं. रागावलेली नव्हती, हे सगळ्यात वाईट. राग आला असता तर त्याने चार गोड शब्द बोलून तिला मनवलं असतं. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"ज्याने तुझ्यासाठी जीव दिला, त्याला तू पसंत आहेस रे," ती म्हणाली. "अजून कुणाची पसंती पाहिजे तुला? किती जणांची?"

तो दुकानात परतला, दार आतून लावलं आणि गुडघे टेकले. म्हटलं, आता ताईसाठी खरी प्रार्थना करू. पण कसलं काय! तोंड उघडलं की तेच ते घोटीव शब्द. रिकाम्या दुकानातही त्याला वाटायचं, हे वाक्य छान जमलं. स्वतःची इतकी शिसारी त्याला कधी आली नव्हती. माणूस देवासमोर गुडघ्यावर आहे, ताई मरणाच्या दारात आहे, आणि हा आपली वाक्यं जोखतोय! शेवटी तो कपाळाला हात लावून तिथेच फरशीवर बसला आणि म्हणाला, देवा, मला प्रार्थना येत नाही. एवढं बोलला आणि त्याला रडू फुटलं. बराच वेळ रडला. बाहेर कुणीतरी दार वाजवून गेलं, तरी उठला नाही. उठला तेव्हा बायको रागावेल इतका उशीर झाला होता, पण छातीवरचा दगड थोडा सरकला होता.

ऑपरेशनच्या सकाळी बघतो तर काय, वॉर्डात आधीपेक्षा जास्त गर्दी. मागच्या प्रार्थनेची ख्याती पसरली होती. गाण्याच्या मास्तरांनी तर सासुरवाडीची माणसं बरोबर आणली होती, आणि त्यांना पुढे उभं केलं होतं, नीट ऐकू यावं म्हणून. ताईला चाकांच्या खाटेवर घेतलेलं. नर्स म्हणाली, काय ते लवकर आटपा. पाळकांनी खूण केली.

सवयीने चष्मेवाल्याच्या जिभेवर एक सुरेख वाक्य आलं. अगदी तयार होतं, नुसतं सोडायचं होतं. त्याने ते गिळलं. ताईचा हात धरला, गार पडला होता. डोळे घट्ट मिटले.

"देवा, हिला वाचव," तो म्हणाला. "मला फार भीती वाटतेय."

मग तो थांबला. इतका थांबला की कुणीतरी खोकलं.

"लहानपणी मी हिला आईच म्हणायचो. शाळेत पोरं हसली, म्हणून सोडलं आणि ताई म्हणायला लागलो. हिने कधी विचारलंसुद्धा नाही, का सोडलंस. तुला सगळं माहीत आहे. मला पुढचं काही सुचत नाही."

आमेन म्हणायचं तो विसरलाच. संपली की नाही ते कुणाला कळेना, म्हणून कुणीच काही म्हटलं नाही. मास्तरांच्या सासूबाई इकडेतिकडे बघत राहिल्या. ताईने त्याचा हात एकदा दाबला. नर्सने खाट ढकलली आणि दारं मिटली.

बाहेरच्या बाकावर सगळे बसले. हळूहळू एकेक जण कामाधंद्याला निघून गेला. मास्तर निघताना जवळ आले. सासुरवाडीसमोर आपली पत गेल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

"आज काही रंगली नाही हो नेहमीसारखी," ते म्हणाले.

एरवी या एका वाक्याने त्याची आठवडाभराची झोप उडाली असती. तो वाट बघत बसला, की आता पोटात खड्डा पडेल. पडलाच नाही. आत चाचपून बघितलं तर तिथे ताईची काळजी होती, देवाचा आधार होता, आणि मास्तरांच्या मताला जागाच नव्हती.

"नाही रंगली," तो म्हणाला, आणि त्याला चक्क हसू आलं. मास्तर चमकले. याने त्यांना हाताला धरून जिन्यापर्यंत सोडलं, सासूबाईंची चौकशी केली, आणि परत येऊन बाकावर पाय पसरून बसला. किती हलकं वाटत होतं! ताईचं काय होणार हे अजून ठाऊक नव्हतं, भीती होती तशीच होती, पण ती निखळ भीती होती, आणि ती त्याला लपवावी लागत नव्हती. बायको शेजारी बसली होती. तिला त्याने काहीच विचारलं नाही, त्यामुळे तीच घाबरली आणि म्हणाली, अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?

दुपार कलता कलता डॉक्टर बाहेर आले. नवी झडप नीट बसली होती. आता जपायचं, म्हणाले, पण धोका टळलाय. बायकोचा जीव भांड्यात पडला आणि ती तिथेच रडायला लागली. हा रडला नाही. त्याने मनातल्या मनात देवाला नुसतं 'बरं झालं' म्हटलं.

थोड्या वेळाने ताईला बाहेर आणलं. तोंड सुकलेलं, केस विस्कटलेले, गुंगी अजून पुरती उतरली नव्हती. पाळक बसून राहिले होते, ते उठले. पडद्याआडची बाईही वॉर्डातून चालत आली होती. सगळ्यांच्या देखत तो खाटेवर वाकला.

"आई," त्याने हाक मारली.

"काय रे?" ती म्हणाली.